वळसा : महामार्गालगतच्या गावातील सोय आणि जोखीम

कासुर्डी हे दौंड तालुक्यातील गाव पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, पुणे–सोलापूर महामार्गावर, उरुळी कांचन आणि यवत यांच्या मध्ये आहे. बाहेरच्या लोकांना ते मुख्यतः टोलनाक्यामुळे माहीत झाले. पुण्याकडच्या टोकाला कवडीपाट आणि या टोकाला कासुर्डी अशा दोन नाक्यांवर चौपदरी रस्त्याचा टोल २०१९ पर्यंत घेतला जात होता. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ आणि आता ६५ या क्रमांकाने ओळखला जाणारा हा रस्ता सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत आंध्रच्या किनाऱ्यावरील मछलीपट्टणमपर्यंत जातो. हैदराबादला निघालेल्या ट्रकचालकाच्या दृष्टीने कासुर्डी मिनिटाभरात मागे पडणारे गाव आहे. गावकऱ्याच्या दृष्टीने मात्र बाजार, शाळा, दवाखाना, दूध संकलन, कारखाना आणि नोकरी या सगळ्यांकडे जाणारी वाट याच रस्त्यावरून किंवा याच रस्त्याला ओलांडून जाते. एकाच डांबरावर हे दोन वेग रोज समोरासमोर येतात. त्यात गावकरी जो निर्णय घेतो, तो सोय आणि जिवाची जोखीम यांच्यातील तोलाचा अगदी उघडा नमुना आहे.

निर्णय साधा असतो. वस्तीवरून निघालेल्या दुचाकीस्वाराला उजवीकडे जायचे आहे आणि मध्ये दुभाजक आहे. कायदेशीर वळण पुढे कुठेतरी आहे. तिथपर्यंत डावीकडे जायचे, वळायचे आणि आलेले सगळे अंतर पुन्हा कापायचे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे रस्त्याच्या कडेने राँग साइडने जवळच्या कटपर्यंत जायचे. तिसरा मार्ग पायी जाणाऱ्याचा : दुभाजकावर चढायचे आणि पलीकडे उतरायचे.

या निर्णयाची चर्चा बहुतेक वेळा ‘लोकांना शिस्त नाही’ या वाक्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. ते वाक्य अपुरे आहे, कारण त्यात सोयीची किंमत शून्य धरलेली असते. समजा वळशामुळे जाताना दोन आणि येताना दोन किलोमीटर वाढतात. ताशी ४० च्या वेगाने हे रोजचे सहा मिनिटांचे काम झाले. वर्षातले ३०० दिवस धरले तर तीस तास आणि १,२०० किलोमीटर होतात. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीला त्यासाठी २४ लिटर पेट्रोल लागते, म्हणजे अडीच हजार रुपये सहज. दुधाच्या किटल्या घेऊन दिवसातून दोनदा जाणाऱ्याचा किंवा वैरणीसाठी पलीकडच्या शेतात चार खेपा घालणाऱ्याचा आकडा याहून मोठा. हा पैसा आणि हा वेळ खरा आहे, आणि तो रोज हातात पडतो. शिवाय पायी जाणाऱ्या शाळकरी मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला दोन किलोमीटर म्हणजे अर्धा तास. त्याने वळसा घालावा, ही अपेक्षा करणाराही स्वतः तो घालणार नाही.

आता दुसरे पारडे. भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यातील ६१,०३८ मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे होते, म्हणजे ३६ टक्क्यांहून अधिक. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा मात्र दोन टक्क्यांच्या आसपास आहे. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पायी चालणारे होते. महाराष्ट्रात त्या वर्षी १५ हजारांहून अधिक माणसे गेली, दिवसाला चाळीसहून जास्त. या आकड्यांतून जे चित्र उभे राहते ते मोटारीत बसून लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाचे कमी आणि मोटारींच्या रस्त्यावर दुचाकीने किंवा पायी जाणाऱ्या माणसाचे जास्त आहे.

महामार्गावरच्या वेगाचे गणित गावातल्या नजरेला चकवते. चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने येणाऱ्या चालकाला समोर काही दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत साधारण १८० मीटर लागतात, असे रस्तेबांधणीची भारतीय मानके धरून चालतात. ताशी ९० ने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते. एका बाजूच्या दोन मार्गिका, म्हणजे सात मीटर, चालत ओलांडायला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ती गाडी १५० मीटर पुढे आलेली असते. म्हणून ‘लांब आहे अजून’ हा अंदाज बैलगाडीच्या किंवा एसटीच्या वेगावर घडलेल्या डोळ्याला चुकीचे उत्तर देतो. राँग साइडला तर दोन्ही वेगांची बेरीज होते. समोरून ९० ने मोटार आणि इकडून ३० ने दुचाकी असेल, तर शंभर मीटरचे अंतर तीन सेकंदांत संपते. रात्री समोरचा प्रकाशझोत डोळ्यांवर असताना, आणि दुचाकीचा एकुलता दिवा आपल्या बाजूच्या गाडीचा आहे की उलट येणाऱ्या गाडीचा हे समोरच्याला कळत नसताना, ते तीन सेकंदही पूर्ण मिळत नाहीत.

इतके असूनही सोयीचे पारडे रोज खाली जाते. त्याचे कारण अडाणीपणा नव्हे. माणूस हिशेब एका फेरीचा करतो, आणि एका फेरीचा हिशेब बहुधा बरोबरच असतो.

अमेरिकेतील पॉल स्लोविक, बरूच फिशहॉफ आणि सारा लिक्टेनस्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये सीटबेल्टच्या संदर्भात हे दाखवून दिले. त्या काळच्या अमेरिकेत मोटारीच्या सुमारे ३५ लाख फेऱ्यांमागे एक जीवघेणा अपघात होत असे आणि सुमारे एक लाख फेऱ्यांमागे एक अपंगत्व आणणारी इजा. आजची फेरी सुखरूप पार पडेल, असे मानणाऱ्याला चूक म्हणता येणार नाही. पण पन्नास वर्षांच्या आयुष्यात चाळीसएक हजार फेऱ्या होतात. त्या एकत्र धरल्या की मृत्यूची शक्यता शंभरात एकच्या आसपास आणि गंभीर इजेची तब्बल तीनात एक इतकी भरते. तीच माहिती आयुष्यभराच्या हिशेबात सांगितली, तेव्हा सीटबेल्ट लावायला तयार होणाऱ्यांचे प्रमाण वाढले. धोका तेवढाच होता. तो मोजण्याचा काळ बदलला होता.

महामार्गालगतच्या गावाला हे जसेच्या तसे लागू होते. समजा राँग साइडच्या एका फेरीत मरण येण्याची शक्यता दहा लाखांत एक आहे. ही केवळ मोजणीसाठी धरलेली संख्या आहे, आणि ती कुणालाही नगण्य वाटेल. रोज दोन फेऱ्या, वर्षाला ३०० दिवस आणि कामाची चाळीस वर्षे धरली तर २४,००० फेऱ्या होतात. नगण्य वाटणारा आकडा आता चाळिसात एकच्या जवळ येऊन ठेपतो. एका गावातून अशा चारशे दुचाक्या रोज ये-जा करत असतील, तर एका पिढीत नऊ-दहा घरांचा आधार जाणार, इतका त्याचा अर्थ आहे. कोणती घरे, ते कुणाला सांगता येत नाही. आणि नेमके त्यामुळेच प्रत्येकाला ते घर दुसऱ्याचे वाटते.

जोखमीची अशी मोजदाद करण्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठातील रोनाल्ड हॉवर्ड यांनी ‘मायक्रोमॉर्ट’ हे एकक वापरात आणले : मृत्यूची दहा लाखांत एक शक्यता म्हणजे एक मायक्रोमॉर्ट. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली, तर रस्त्यामुळे सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाला सुमारे १२० मायक्रोमॉर्ट येतात, साधारण तीन दिवसांना एक. सरासरीत घराबाहेर न पडणारे तान्हे मूल आणि अंथरुणाला खिळलेली आजीही मोजलेली असते. रोज महामार्गावर दुचाकी चालवणाऱ्याचा वाटा त्याहून कितीतरी जास्त असतो.

आणखी एक गोष्ट या हिशेबाला सोयीच्या बाजूने झुकवते, ती म्हणजे अनुभव. साधारणपणे अनुभव माणसाला शहाणा करतो. शेतात, आजारपणात, बाजारात चूक केली की फळ लवकर दिसते. इथे उलटे घडते. राँग साइडची प्रत्येक सुखरूप फेरी ‘असे केले तरी चालते’ एवढेच शिकवते. हजारव्या फेरीला माणूस पहिल्या फेरीपेक्षा जास्त निर्धास्त असतो, धोका मात्र तितकाच असतो. ज्याच्या बाबतीत ती फेरी वेगळी ठरते, तो ते सांगायला पुष्कळदा मागे राहत नाही. जुलै २०१९ मध्ये कदमवाकवस्तीजवळ याच महामार्गावर यवत परिसरातील नऊ तरुणांचा एकाच वेळी मृत्यू झाला. सहलीहून रात्री परतताना त्यांची मोटार दुभाजक ओलांडून समोरच्या ट्रकवर आदळली होती. त्या आठवड्यात आसपासच्या गावांत बहुधा प्रत्येकाने गाडी सावकाश चालवली असेल. पण एका घटनेने आलेले भान टिकत नाही. मध्ये हजारो सुखरूप फेऱ्या पडतात, आणि त्या तिला झाकून टाकतात.

स्वतः पत्करलेला आणि लादलेला धोका

शिरूर आणि दौंड तालुक्यांत गेल्या काही वर्षांत धोका म्हणून सर्वाधिक बोलले जाते ते मात्र रस्त्याबद्दल नव्हे, बिबट्याबद्दल. उसाच्या बारमाही पट्ट्यात बिबट्याला आडोसा, पाणी आणि भक्ष्य मिळते. मादी उसातच पिल्ले घालते. ऑक्टोबर–नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड–जांबूत परिसरात तीन आठवड्यांत एक चिमुरडी, एक वृद्ध महिला आणि एक तेरा वर्षांचा मुलगा असे तिघे बिबट्याच्या हल्ल्यात गेले. लोक रस्त्यावर आले, पुणे–नाशिक महामार्ग अडवला गेला, आणि वनखात्याने अखेर नरभक्षक ठरलेल्या बिबट्याला गोळी घातली.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. तिथे पाव शतकात बिबट्याने घेतलेल्या बळींची संख्या पन्नासच्या आसपास आहे. महाराष्ट्रातील रस्त्यांवर तितकी माणसे जेमतेम सव्वा दिवसात जातात. यावरून बिबट्याची भीती खुळी आहे, असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. अमेरिकन अभियंते चॉन्सी स्टार यांनी १९६९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले होते की, माणूस आपण होऊन पत्करलेला धोका लादलेल्या धोक्याच्या मानाने हजारपट अधिक सहन करतो. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण मूळ निरीक्षण टिकून राहिले. दुचाकीच्या मुठी स्वतःच्या हातात असतात. अंगणात खेळणाऱ्या मुलाने मात्र बिबट्याच्या बाबतीत काहीच निवडलेले नसते. ज्या धोक्यात आपले काही चालत नाही, त्याबद्दलचा राग न्याय्यच आहे. त्याला केवळ मृत्यूंच्या संख्येने तोलता येत नाही.

शेतकऱ्यांचे खरे म्हणणे याहून बारीक आहे, आणि ते विषयाच्या गाभ्याला भिडते. त्यांची मागणी दिवसा लाईट देण्याची आहे. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी रात्री. रात्रपाळीची लाईट आली की उसाला पाणी द्यायला, दारे धरायला रात्री दोनलाही शेतात जावे लागते. बॅटरीच्या उजेडात, चिखलात, विंचू-सापांच्या आणि बिबट्याच्या शक्यतेत माणूस उभा राहतो, कारण पाणी चुकले तर पीक जाते. हा धोका त्याने स्वतः पत्करलेला आहे की लादलेला? तो घरी झोपू शकला असता, म्हणून कागदोपत्री पत्करलेला. पण त्याच्यासमोर मांडलेले दोन पर्याय कुणी ठरवले, हे विचारले की उत्तर बदलते. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये दिवसा वीज देण्यासाठीच आखली गेली. तिची जिथे अंमलबजावणी झाली, तिथे शेतकऱ्याला ‘रात्री शेतात जाऊ नका’ हे सांगावे लागत नाही. तो आपोआपच जात नाही.

महामार्गाकडे याच नजरेने पाहायला हवे. वळसा किती लांब असावा, हे गावाने ठरवलेले नाही.

डोके कुणाचे, ओझे कुणाचे

हेल्मेटचा प्रश्न यापेक्षा सोपा असायला हवा होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२९ नुसार ते सक्तीचे आहे, पाठीमागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये केला आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबित करण्याची तरतूद केली. अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा आहे की, अपघातात हेल्मेटमुळे मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेची ६९ टक्क्यांनी कमी होते. इतका मोठा लाभ इतक्या थोड्या पैशांत देणारे साधन आरोग्याच्या क्षेत्रात क्वचितच सापडते.

तरीही पुणे शहराने हेल्मेटला जितका संघटित विरोध केला, तितका दुसऱ्या कुठल्या शहराने केला असेल असे वाटत नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी कडक कारवाई सुरू केली तेव्हा मोर्चे निघाले, सविनय कायदेभंगाची भाषा झाली, आणि लोकप्रतिनिधी कारवाई थांबवण्यासाठी मुख्यमंत्र्यांपर्यंत गेले. विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता : शहरात वेगच मिळत नाही, हेल्मेटची गरज महामार्गावर आहे. गंमत म्हणून नव्हे तर नीट समजून घेण्यासारखी बाब ही की, महामार्गावरच्या गावांत याच्या नेमके उलटे कारण ऐकू येते : लांब कुठे जायचे आहे, इथल्या इथे यवतपर्यंत तर जायचे. शहरात वेग कमी म्हणून, गावात अंतर कमी म्हणून. दोन्हीकडे हेल्मेट घरीच राहते.

हेल्मेटची गैरसोय खरी आहे, तीही नाकारू नये. एप्रिल-मेच्या उन्हात डोके भिजते. बाजारात ते हातात वागवावे लागते. गाडीला अडकवले तर चोरीला जाते. ऐकू कमी येते, ही तक्रार मात्र अर्धीच खरी : हेल्मेट गाडीचा आणि वाऱ्याचा आवाजही तितकाच कमी करते, त्यामुळे मागच्या हॉर्नचा आवाज त्यात बुडून जात नाही. मानेच्या इजा वाढतात, असे सिद्ध झालेले नाही. गैरसोय टाळण्यासाठी पोलिसांपुरती टोपीसारखी अर्धी हेल्मेट डोक्यावर ठेवली जातात किंवा पट्टा न लावता पूर्ण हेल्मेट घातले जाते. दोन्ही पहिल्याच आदळीत निसटतात. १ जून २०२१ पासून देशात आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवण्या-विकण्यास मनाई आहे. रस्त्याकडेच्या ढिगांत मात्र ती अजून मिळतात.

एक आकडा या चर्चेत फार क्वचित येतो. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ चालवणारे नव्हते, मागे बसलेले होते. गावाकडच्या दुचाकीवर मागे कोण असते? आई, बायको, शाळेत जाणारे मूल, दवाखान्यात न्यायचे वडील. वेग त्यांच्या हाती नाही, वाट त्यांच्या हाती नाही, आणि घरात हेल्मेट असलेच तर ते एकच, पुढच्याच्या डोक्यावर. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या नऊवारीतल्या म्हातारीला हेल्मेट घ्या म्हणणे घरात चेष्टेचा विषय होते. पण ‘माझे डोके, माझा निर्णय’ हा युक्तिवाद तिच्या बाबतीत टिकत नाही, कारण निर्णय दुसऱ्यानेच घेतलेला असतो. मोटारीच्या मागच्या सीटवरही हेच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस मागच्या बेल्टची चर्चा देशभर झाली. महामार्गावर आजही मागच्या सीटवर बेल्ट लावून बसलेला माणूस शोधावा लागतो.

म्हणून वैयक्तिक जोखीम म्हणताना ती खरेच वैयक्तिक आहे का, हे आधी पाहावे लागते. एकट्याने हेल्मेटशिवाय जाणारा बव्हंशी स्वतःची जोखीम घेतो, जरी तिचे परिणाम घराला वर्षानुवर्षे भोगावे लागतात. राँग साइडने जाणारा समोरच्याचीही घेतो : त्याला चुकवताना वळलेली मोटार तिसऱ्यावर जाते. आणि काही बाबतींत सोय एकाची, धोका सगळा दुसऱ्याचा असतो. गळिताच्या हंगामात या रस्त्यावर उसाने भरलेले दोन-दोन ट्रॉलींचे ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्यांकडे आणि गुऱ्हाळांकडे चाललेले असतात. अनेकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो किंवा असला तरी लोंबत्या वाढ्यांनी झाकलेला असतो. ट्रॉलीमालकाचे त्यात काही शे रुपये वाचतात. मागून अंधारात येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायला जागा उरलेली नसते. ढाब्यापुढे कडेच्या पट्टीवर दिवे मालवून लावलेल्या ट्रकचेही तेच. या प्रकाराला सोय आणि जोखीम यांचा तोल म्हणणेच चूक आहे. ही सरळ दुसऱ्याच्या जिवावरची बचत आहे, आणि समजूत घालण्यापेक्षा दंड करणे इथे योग्य. कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या व्याख्येत स्पष्टपणे घातले, तेही याच तर्काने.

रस्ता काय ठरवतो

दुपदरी रस्ता होता तेव्हा समोरासमोरच्या धडका हा मुख्य धोका होता. ट्रकला ओलांडायला निघालेली गाडी समोरच्या एसटीवर जायची. चौपदरीकरणाने आणि दुभाजकाने तो धोका कमी केला, यात शंका नाही. पण त्याच वेळी वेग वाढला. स्वीडनमधील संशोधक योरान निल्सन यांनी मांडलेल्या संबंधानुसार सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेणे अपघात सुमारे चार टक्के वाढतात. लांबच्या प्रवाशाला या बदलात वेळही मिळाला आणि सुरक्षितताही. गावकऱ्याला पूर्वी कुठेही ओलांडता येणारा रस्ता आता वळशाचा झाला, आणि ओलांडताना समोरची गाडी पूर्वीपेक्षा जोरात येऊ लागली. एकाच सुधारणेने सोय एका बाजूला आणि जोखीम दुसऱ्या बाजूला सरकवली. ही वाटणी अन्यायाची आहे आणि तिला ‘स्थानिकांची बेशिस्त’ हे नाव देणे त्याहून अन्यायाचे.

दुभाजकातील कटांची गोष्ट यातूनच उभी राहते. गावाचा फाटा, हॉटेल किंवा पेट्रोलपंप दिसला की समोरचा दुभाजक फोडून वाट काढली जाते. तिथे अपघात होतात, मग ती बुजवली जाते. काही दिवसांनी ती पुन्हा फुटते किंवा लोक पुढच्या कटपर्यंत उलट्या दिशेने जाऊ लागतात. कट बुजवणे आवश्यकच असते. पण सेवा रस्ता आणि भुयारी मार्ग न देता नुसता कट बुजवला, तर ओलांडण्याचा धोका राँग साइडच्या धोक्यात रूपांतरित होतो. गरज तिथेच राहते.

सरकारी व्याख्येनुसार अपघातप्रवण ठिकाण, ज्याला सगळे ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात, ते म्हणजे राष्ट्रीय महामार्गाचा असा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात घडले किंवा दहा माणसे मेली. दुरुस्तीसाठी निधी आणि प्राधान्य या यादीवरून ठरते. म्हणजे ज्या फाट्यावर नऊ माणसे गेली आणि अपघात चारच झाले, तो यादीबाहेर. जिथे रोज शाळेची मुले दुभाजकावरून उड्या मारतात पण अजून काही झालेले नाही, तो तर कुणाच्या कागदावरच नाही. धोका मोजायचा तर रोज तिथून किती जण, कसे आणि का ओलांडतात हे मोजावे लागेल. ते काम ग्रामपंचायतीला एका वहीत आणि एका आठवड्यात करता येण्यासारखे आहे.

रचना बदलल्याने मृत्यू घटतात, याचा पुरावा राज्यातच आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली. त्या वर्षापासून सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि महामार्ग पोलीस यांनी मिळून कठडे, कडेला थांबलेली वाहने, वेग आणि जखमींना मिळणारी मदत यांवर काम केले, आणि पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. मात्र त्या मार्गावर दुचाकी येत नाही, पायी माणूस येत नाही आणि गावांचे फाटे त्याला थेट फुटत नाहीत. पुणे–सोलापूर रस्त्याला ते सगळे फुटतात. इथला इलाज फाट्यापासूनच सुरू करावा लागेल : वस्तीच्या दोन्ही बाजूंना अखंड सेवा रस्ता, उसाची ट्रॉली जाईल इतका उंच आणि पावसात पाणी न साचणारा भुयारी मार्ग, आणि गावाच्या हद्दीत वेग खरोखर कमी करणारी रचना. भुयारी मार्ग चारशे पावलांवर असेल, उजेडाचा असेल आणि कोरडा असेल, तर दुभाजकावर चढायला कुणी जात नाही. तो दोन किलोमीटरवर असेल, तर त्याच्या तोंडाशी लावलेली सूचनेची पाटी वाचायलाही कुणी जात नाही.

हा रस्ता सावकाश चालू शकतो, हे दरवर्षी एकदा दिसते. संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतच्या मुक्कामाला निघते, तेव्हा उरुळी कांचन आणि कासुर्डीवरून ती याच महामार्गाने जाते. वाहतूक वळवली जाते, आणि लाखो माणसे, त्यांत म्हातारी माणसे आणि कडेवरची मुले, ज्या डांबरावर एरवी पाय ठेवायला भय वाटते तिथून चालत जातात. रस्त्यावर पायी माणसाचा हक्क आधी, असे ठरवल्यावर त्यासाठी प्रशासन आठवडे आधी कामाला लागते, आणि ते जमते. अर्थात हे एका दिवसाचे आहे. व्यापाराचा आणि दळणवळणाचा महामार्ग वर्षभर असा ठेवता येणार नाही.

वर्षभरासाठीच्या पर्यायांत रेल्वे सर्वांत दुर्लक्षित आहे. महामार्गाला जवळजवळ समांतर जाणाऱ्या पुणे–दौंड मार्गावर उरुळी, यवत, खुटबाव, केडगाव ही स्थानके आहेत. मार्गाचे विद्युतीकरण झालेले आहे आणि २०१७ पासून त्यावर डेमू गाड्या धावतात. रेल्वेचा प्रवास दुचाकीच्या तुलनेत अनेक पटींनी सुरक्षित आणि स्वस्तही असतो. हडपसर किंवा पुण्यात नोकरीला जाणारा तरुण तरीही दुचाकीच काढतो, कारण गाडीची वेळ आणि पाळीची वेळ जुळत नाही आणि गाडी चुकली तर पुढची केव्हा हे नक्की नसते. अर्ध्या तासाला एक लोकल असती, तर त्याचा तोल कुणी भाषण न देता बदलला असता. रेल्वेच्या वेळापत्रकाचा प्रश्न हा अशा रीतीने रस्ते सुरक्षेचाही प्रश्न आहे, पण त्या यादीत तो कधी मांडला जात नाही.

हडपसर ते यवत असा उन्नत मार्ग बांधण्याचे राज्य शासनाने ठरवले आहे. तो झाला तर लांबची वाहतूक वरून जाईल आणि कासुर्डीसारख्या गावांसमोरचा खालचा रस्ता बऱ्याच अंशी स्थानिकांचा होईल. बांधकाम चालू असलेली वर्षे मात्र सर्वांत धोक्याची असतील : अरुंद झालेल्या मार्गिका, रोज बदलणारी वळणे, उघडे खड्डे, रात्री न दिसणारे काँक्रीटचे ठोकळे. त्या काळात पायी ओलांडण्याची जागा, सेवा रस्ता आणि दिवे यांची अट ठेकेदाराच्या करारात असावी लागते. काम सुरू झाल्यावर ती घालता येत नाही. आणि वरचा मार्ग पूर्ण झाल्यावर खालचा रस्ता मोकळा झाला म्हणून तिथला वेग वाढू नये, यासाठी खालची वेगमर्यादा, गतिरोधक आणि प्रत्येक फाट्यावरची वळणे आराखड्यातच ठरवावी लागतील. ग्रामसभेचे ठराव, ओलांडणाऱ्यांच्या नोंदी आणि हरकती त्या आराखड्यापर्यंत पोहोचवायची वेळ काम सुरू होण्याच्या आधीची आहे.